आधी तळपाय बघ, मग डोकं

बेटा,

काल रात्री फोनवर तू म्हणालीस, "मामाजी, सासूबाई दोन दिवसांत एकदम बिघडल्या. परवापर्यंत हातानं जेवत होत्या, आता भिंतीशी बोलून राहिल्या. आजार वाढला म्हणतात सगळे." मी तुला तेव्हाच म्हटलं, उद्या सकाळी आधी लघवी तपासायला दे आणि डॉक्टरला पूर्ण अंग दाखव. तू हो म्हणालीस, पण का ते विचारलं नाहीस. म्हणून आज तुझ्या मामीला आंघोळ घालून, ओट्यावर उन्हात बसवून लिहायला घेतलं. फोनवरचं बोलणं कुकरच्या शिटीबरोबर उडून जातं. कागद फ्रीजवर चिकटवता येतो.

अल्झायमर दोन दिवसांत वाढत नाही. धरणात गाळ साचावा तसा तो साचतो, महिन्यांनी, वर्षांनी. परवाचं माणूस आज वेगळंच दिसायला लागलं तर ते काम एकट्या अल्झायमरचं नाही. अंगात कुठंतरी आग लागलेली असते आणि तिचा धूर डोक्यात भरलेला असतो. लघवीत संसर्ग, छातीत कफ, पोट तुंबलेलं, दाताखाली पू, पायाला न दिसलेली जखम, पाणी कमी पडलेलं, नाहीतर नवी सुरू केलेली एखादी गोळी. जुनी माणसं याला वातात बरळणं म्हणायची, डॉक्टर डिलिरियम म्हणतात. माझा कानमंत्र एकच, माणूस अचानक बदललं की आधी अंग तपास. बाकीचे सगळे त्याच्याच पोटातले.

हे मी पुस्तकात नाही, सायकलवर शिकलो. १९७९ साली कुष्ठतंत्रज्ञ म्हणून लागलो तेव्हा समुद्रपूरकडची गावं माझ्याकडे होती. वर्ध्याला या कामाची परंपरा मोठी. सेवाग्रामच्या आश्रमात कुष्ठ झालेल्या परचुरे शास्त्रींची कुटी तू शाळेच्या सहलीत पाहिली असशील. मनोहरजी दिवाणांनी १९३६ साली दत्तपूरला कुष्ठधाम उभं केलं. १९५१ पासून गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशनचं काम इथूनच चाललं. पुढं १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला, देशातल्या ज्या पहिल्या जिल्ह्यांत एमडीटी म्हणजे अनेक औषधांचा एकत्र उपचार सुरू झाला, त्यात आपलं वर्धा होतं. मी त्या फौजेतला एक प्यादा. खिशात सुई, पीस आणि बॉलपेन, कॅरियरला गोळ्यांची पेटी.

आमच्या जुन्या साहेबांनी पहिल्याच आठवड्यात माझा हात धरून कोपराच्या आतल्या बाजूला नेला. आपटलं की मुंग्या येतात ना, ती जागा. "इथं नस लागते. रोज शंभर लोकांची चाचप. निरोगी नस कशी लागते ते बोटाला पाठ झालं पाहिजे, मग आजारी नस आपोआप कळेल." आणि दुसरी गोष्ट सांगितली ती अशी, की कुष्ठाचा जंतू मोठा आळशी असतो, हात वाकडा करतं ते बहुतेक वेळा आपलं स्वतःचं अंग. ते मी पुढं डोळ्यांनी पाहिलं. औषध नीट चालू, जंतू मरायला लागलेला, आणि तोच माणूस अचानक चट्टे लाल झालेले, नस दोरीसारखी टरारलेली, बोटं वाकलेली घेऊन दारात उभा. याला रिअ‍ॅक्शन म्हणतात. अंगाची फौज मेलेल्या-अर्धमेल्या जंतूंवर तुटून पडते आणि त्या धुमश्चक्रीत बिचारी नस चेचली जाते. वेळेत प्रेडनिसोलोन पोटात गेलं तर हात वाचायचा. 'बघू पुढच्या बाजाराला' म्हटलं की हात गेला.

तुझ्या सासूबाईंच्या आणि माझ्या घरातल्या बाईच्या मेंदूत याच जातीचं काहीतरी चालू आहे. मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या पेशी असतात. त्यांना जागलीवर बसलेला माणूस समज. रात्री वावरात मचाणावर बसायचं, डुकरं हाकलायची, पडलेलं-सडलेलं उचलायचं. अल्झायमरमध्ये अमायलॉइड नावाचा प्रथिनाचा कचरा साचतो, तोही या पेशीच गोळा करतात. पण कचरा संपतच नाही. मग जागल्या चिडतो, झोप नाही, आराम नाही, आणि एक दिवस डुकराच्या मागं पेटता टेंभा घेऊन धावतो. डुक्कर जातं पळून, वावर जळतं. या पेशी दाहाची रसायनं सोडत राहतात आणि मेंदूतल्या चांगल्या जोडण्याही खाऊन टाकतात.

बरीच वर्षं शास्त्रज्ञ म्हणायचे की मेंदू मरतोय म्हणून दाह होतोय, दाहामुळं मेंदू मरत नाही. मग २०१३ साली ट्रेम-२ या जनुकातला एक दोष सापडला. तो ज्याच्यात असतो त्याला अल्झायमरचा धोका कितीतरी वाढतो, आणि मेंदूत हे जनुक काम करतं ते मुख्यतः या जागल्या पेशींतच. म्हणजे जागल्या नुसता साक्षीदार नव्हता. आरोपींच्या रांगेत त्याचंही नाव आलं.

आता गोम ही आहे की मेंदूची ही आग दिसत नाही. लाली, सूज, गरमी, ठणका या दाहाच्या चार खुणा आम्हाला पाठ होत्या. मेंदूला ठणकाच नाही, दुखणं कळवणाऱ्या नसा त्याच्या आत नाहीत. तो फक्त वागण्यातून बोलतो. आणि आधीच चिडलेल्या या जागल्यांना अंगातल्या दुसऱ्या आगीची खबर रक्तातून पोचते. लघवीतला साधा संसर्ग तुला-मला ताप देऊन जाईल, त्यांच्या डोक्यात तो रॉकेल ओततो.

माझी चूक सांगतो, म्हणजे तू ती करणार नाहीस. तीन वर्षांपूर्वीचा मे महिना. पारा पंचेचाळीसच्या वर, कूलरचा पंप बंद पडलेला. मामी एका सकाळी दाराकडे बघून तिच्या आईशी बोलायला लागली, जी जाऊन तीस वर्षं झाली. मला शिव्या दिल्या. ताट सरकवलं. मी आयुष्यभर लोकांच्या नसा चाचपलेला माणूस, घरातल्या बाईकडे पाहून म्हणालो, झालं, आजार पुढं गेला. कोणीतरी झोपेची गोळी सुचवली, मी दिली. ती दिवसभर झोपली. झोपलेलं माणूस पाणी पीत नाही. चौथ्या दिवशी भांडेवाली बाई कपडे गोळा करताना म्हणाली, "काकाजी, लुगड्याले असा वास काऊन येते?" तिनं निदान केलं, मी नाही. लघवीत जंतू होते, अंगात पाणी नव्हतं, आणि ताप? ताप नव्हताच. म्हाताऱ्या अंगाला कितीतरी वेळा ताप येतच नाही, हे लक्षात ठेव.

सलाईन आणि औषधानं आठवड्यात ती बरीच परत आली. सगळी नाही आली. त्या मेच्या आधी ती मला 'अहो' म्हणायची. नंतर कधी म्हणाली नाही.

२००९ साली इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या संशोधकांनी अल्झायमरच्या तीनशे रुग्णांवर सहा महिने नजर ठेवली होती. मधल्या काळात ज्यांना संसर्गासारखं काही होऊन गेलं, त्यांची घसरण इतरांच्या दुप्पट वेगानं झाली. हे मी त्या मेनंतर वाचलं. आधी वाचलं असतं तर, असं म्हणायची सोय नाही. साहेबांनी तर १९७९ सालीच सांगितलं होतं.

तेव्हापासून रोज सकाळी माझी एक फेरी असते. तीच तुला शिकवतो. सुरुवात पायापासून. कुष्ठाच्या माणसाचा पाय सुन्न असायचा. खिळा घुसला तरी तो चालत राहायचा, म्हणून आम्ही एमसीआरच्या, म्हणजे मऊ रबराच्या चपला वाटायचो आणि रोज तळवे बघायला शिकवायचो. अल्झायमरच्या माणसाचा पाय दुखतो, पण ते दुखणं सांगणारा शब्द हरवलेला असतो. आपल्यासाठी गोष्ट एकच. कोमट पाण्यात पाय धुवायचे, पुसायचे, टॉर्च लावून बोटांच्या बेचक्या बघायच्या, टाच बघायची, हाताच्या उलट्या बाजूनं दोन्ही पाय चाचपायचे. एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम लागला तर तिथं काहीतरी आहे. मग माकडहाड आणि कंबर, बसून-बसून कातडी लाल झाली का ते. मग पोटावर हात, कडक लागतं का. शौचाला होऊन किती दिवस झाले ते कॅलेंडरवर खूण करून ठेव, आठवणीवर सोडू नकोस, आपली आठवणही काही फार मोठी शहाणी नाही. शेवटी तोंड. कवळी काढून हिरड्या बघ. मामी एकदा दोन दिवस भाकरीवर चिडत होती, माझ्या स्वयंपाकावर नाही, दाढेवर.

या फेरीला दहा मिनिटं लागतात. त्यात कोमट पाणी आवडतं म्हणून ती गुणगुणते, ते वेगळं.

पाण्याचं म्हणशील तर 'पाणी प्या' म्हटलं की नाहीच म्हणतात. विचारायचं नाही, हातात द्यायचं. कैरीचं पन्हं, ताक, वरणाचं वरचं पाणी, टरबुजाची फोड. सासूबाईंना हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असेल तर किती पाजायचं ते डॉक्टरांना विचारून. पण बाजेवर लोळलेल्या अवस्थेत काहीही पाजू नकोस. ताठ बसवून, हनुवटी जराशी खाली, एक घोट, थांब, मग दुसरा. घोट चुकून श्वासाच्या नळीत गेला की छातीत संसर्ग होतो, आणि या आजारातली कितीतरी माणसं शेवटी न्यूमोनियानंच जातात.

आता तुझ्या नवऱ्यानं पाठवलेल्या त्या मेसेजचं. 'मेंदूतली सूज उतरवा, अल्झायमर पळवा.' तुला हसू येईल, पण या रस्त्यानं मीही जाऊन आलोय. कॅनडातल्या पॅट्रिक मॅकगीर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या सुमारास जपानमधल्या कुष्ठालयांतल्या हजारो वृद्धांच्या नोंदी पाहिल्या. ज्यांना डॅप्सोन, म्हणजे आमची डीडीएसची गोळी, सतत चालू होती त्यांच्यात स्मृतिभ्रंश कमी दिसला. डॅप्सोन जंतू मारतं तसं दाहही कमी करतं, म्हणून दाहाच्या सिद्धान्ताला मोठा जोर आला. जी गोळी मी सायकलवर गावोगाव वाटली तीच घरच्या आजारावर! मामीचं निदान झालं त्या आठवड्यात माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं.

डॉक्टरांना विचारलं आणि बोलणी खाल्ली, ते बरं झालं. जपानमध्येच १९९९ साली दुसऱ्यांनी तपासलं तेव्हा तो फायदा सापडला नाही. आणि डीडीएस काय करू शकतं ते मला दुसऱ्या कोणी सांगायला नको होतं. काही लोकांच्या रक्तातल्या लाल पेशीच ती फोडते. आठवड्या-दोन आठवड्यांत पांढरीफटक पडलेली माणसं मी स्वतः दवाखान्यात नेली आहेत. वेदनाशामकांचीही तीच कथा. नेप्रोक्सेनसारखी औषधं अल्झायमरच्या रुग्णांना देऊन पाहिली, २००३ साली निकाल आला, काही थांबलं नाही. आजार होऊ नये म्हणून धडधाकट वृद्धांना देऊन पाहायचा मोठा प्रयोग हृदयाच्या धोक्याच्या भीतीनं २००४ साली बंद केला. माझ्या अडाणी बुद्धीला वाटतं ते असं, की जागल्याला बेशुद्ध केलं तर वावर जळणार नाही, पण मग कचरा कोण उचलेल? तेव्हा मेडिकलमधून 'सुजेची गोळी' आणून सासूबाईंना द्यायची नाही. पोटात रक्तस्राव, किडनी खराब, आणि डोक्याला उपयोग शून्य.

हळदीबद्दल बोलायला मला जीभ चावावी लागते, कारण माझी अर्धी नोकरी वायगावच्या हळदीच्या वासात गेली. २०१६ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आम्ही पेढे वाटले. रंग काय, वास काय, कर्क्युमिन किती! प्रयोगशाळेतल्या बशीत कर्क्युमिन टाकलं की दाह कमी होताना दिसतोही. पण पोटातून ते रक्तात फारच थोडं उतरतं, मेंदूपर्यंत त्याहून थोडं. अमेरिकेत अल्झायमरच्या रुग्णांना चोवीस आठवडे कर्क्युमिन देऊन पाहिलं, २०१२ साली निकाल छापला, फायदा दिसला नाही. वरणात हळद घाल, वायगावचीच घाल, दुधात घातली तरी माझी हरकत नाही. पण हजार रुपयांच्या डब्यातली कॅप्सूल कोणी विकायला आलं तर त्याला चहा पाजून परत पाठव.

कानमंत्र द्यायचा तर कान तरी मोकळा हवा, हे विनोदानं म्हणत नाही. मामी सहा महिने मला 'काय?' असंही विचारत नव्हती, नुसती बघायची. मला वाटलं शब्द समजत नाहीत. सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालयात दाखवायला नेलं तेव्हा दोन्ही कानांतून मळाचे खडे निघाले. परतीच्या ऑटोत ती म्हणाली, "किती आवाज करते ही गाडी." मी रडलो की हसलो ते आठवत नाही. सासूबाईंचे कान बघून घे, चष्म्याचा नंबरही. आणि बी-१२, थायरॉइड या तपासण्या निदानाच्या वेळी झाल्या होत्या का ते जुन्या फाइलीत शोध. आपल्याकडच्या शाकाहारी म्हाताऱ्यांत बी-१२ कमी सापडतं आणि ते भरून काढता येतं. मागच्या महिन्यात त्या मोरीत पडल्या होत्या म्हणालीस, तेही डॉक्टरांना सांग. डोक्यात हळूहळू रक्त साकळून आठवड्यांनी माणूस असं बदलू शकतं.

नागिणीच्या लसीचं तू विचारलं होतंस. २०२५ साली वेल्समधल्या लाखो लोकांच्या नोंदींवरून असं दिसलं की ज्यांना ती मिळाली त्यांच्यात पुढच्या सात वर्षांत स्मृतिभ्रंश साधारण पाचव्या हिश्शानं कमी झाला. ती जुनी लस होती. आपल्याकडं आता मिळते ती वेगळी, आणि एका डोसलाच हजारो रुपये. आजार झालेल्या माणसासाठी धावाधाव करण्यासारखं ते नाही. तुझ्यासाठी आणि जावईबापूंसाठी, पन्नाशीनंतर, पैसे हाताशी असले तर डॉक्टरांना विचार. कर्ज काढून नाही.

जावईबापूंवरून आठवलं. मेंदूतला हा कचरा लक्षणं दिसायच्या पंधरा-वीस वर्षं आधीपासून साचतो, म्हणजे त्यांच्या वयात. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या समितीनं २०२४ साली टाळता येण्यासारख्या चौदा कारणांची यादी दिली, त्यात रक्तदाब, साखर, तंबाखूचं धूम्रपान, बहिरेपण, डोक्याला मार, एकटेपणा असं सगळं आहे. त्यांचा तंबाखूचा खर्रा त्या यादीत नावानं नाही, पण रक्तदाबाच्या आणि हिरड्यांच्या दारानं तो आत शिरेलच. त्यांना हा परिच्छेद वाचून दाखव. मामाजींनी लिहिलंय म्हण, तुझ्यावर येणार नाही.

आणि एक, याचा सुजेशी संबंध नाही पण सांगतो. त्या भिंतीशी बोलत असतील तर 'तिथं कोणी नाही' म्हणून सिद्ध करत बसू नकोस. मामीची आई दारात आली की मी आता विचारतो, "चहा ठेवू का दोघींसाठी?" एक कप मीच पितो.

लघवीचा रिपोर्ट आला की फोन कर, मग तो काहीही असो. काही सापडलं नाही तर छाती, पोट, गोळ्यांची यादी, या क्रमानं पुढं जाऊ. रविवारी हिंगणघाटहून निघशील तेव्हा दोन चांगले टॉर्च घेऊन ये, एक तुला, एक मला. माझा मामीनं कालच कापसाच्या वातींखाली कुठंतरी लपवला, आणि कुठं ते आता दोघांनाही माहीत नाही.

तुझा मामा